लांडग्याच्या पेटीत मेंढीची लोकर

इंदापूर किंवा बारामतीच्या माळावर पहाटे मेंढरांमागे जाताना लांडगा पाहिलेले मूल शाळेत येते, तेव्हा तेथे त्याला भलताच लांडगा भेटतो. तक्त्यावरचा तो लांडगा बर्फात उभा असतो, त्याच्या मागे सूचिपर्णी झाडांची रांग असते आणि त्याच्या अंगावर थंड प्रदेशातल्या जनावराचे दाट राखाडी केस असतात. मुलाने पाहिलेला लांडगा मात्र तांबूस-भुरकट, सडपातळ, लांब पायांचा असतो. वाळलेल्या कुसळी गवतात तो बसला तर वीस पावलांवरूनही दिसत नाही. हे दोन लांडगे एकच आहेत असे शिक्षक सांगतात आणि मूल ते ऐकून घेते. आपण पाहिलेले काही अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे मात्र त्याला त्या तासात कोणीच सांगत नाही.

मी या कमी पावसाच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये अनेक वर्षे शिकवले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या माळरानी भागांतील शाळांत लांडगा हा स्वतंत्रपणे आणि हाताळायच्या वस्तूंमधून शिकवला पाहिजे. अशा वस्तूंची एक पेटी असावी, ती शाळाशाळांतून फिरावी आणि तिच्यात लांडग्याच्या पंजाच्या ठशाइतकेच मेंढीच्या लोकरीलाही मानाचे स्थान असावे. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि वन्यजीवप्रेमी मंडळींशी माझा मतभेद होतो तो नेमका तेथेच.

पेटीची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील ईली या गावी लांडग्यांविषयी लोकशिक्षण करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र आहे आणि कवटीची प्रतिकृती, पंजांचे ठसे, कातडे अशा वस्तूंच्या पेट्या शाळांना काही दिवसांसाठी देण्याची पद्धत तिकडे रुळलेली आहे. वस्तू हातात आली की मुलाचे प्रश्न बदलतात, हे त्या पद्धतीमागचे साधे आणि खरे सूत्र आहे. ती पद्धत आपण जरूर घ्यावी. पेटीतला ऐवज मात्र आपल्या माळावरचाच असला पाहिजे. याचे एक कारण कायदेशीर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याचे कातडे, दात किंवा नख परवानगीवाचून शाळेच्या कपाटात ठेवणे हा गुन्हा ठरतो. आजोबांच्या काळातले म्हणून कोणी घरातले कातडे आणून दिले तरी शिक्षकाने ते घेऊ नये. आपल्या पेटीत कवटी असेल तर ती प्रतिकृतीच असेल, आणि शिकण्याच्या दृष्टीने तिच्यात काही कमी पडत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. इंग्रजी चित्रफितींमुळे आपल्याकडच्या शिक्षकांनाही अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाची कथा तोंडपाठ झाली आहे: १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले एकतीस लांडगे तेथे सोडले गेले, एल्क हरणांवर वचक बसला आणि झाडोरा पुन्हा वाढला. त्या कथेतल्या कार्यकारणभावाविषयी शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. आपल्यापुरता महत्त्वाचा मुद्दा असा की ती एका राष्ट्रीय उद्यानाची कथा आहे, जेथे माणूस पाहुणा म्हणून येतो. आपला लांडगा उद्यानात राहत नाही. तो ज्वारीच्या रानात, उसाच्या कडेला, गायरानात आणि ओढ्याच्या काठी राहतो. चिंकारा, काळवीट, ससे, उंदीर हे त्याचे भक्ष्य खरे. परंतु हरणे विरळ झालेल्या बऱ्याच ठिकाणी तो मुख्यतः शेळ्यामेंढ्यांवरच जगतो. म्हणजे त्याच्या जगण्याचा खर्च कोणत्या तरी एका कुटुंबाच्या कळपातून वजा होतो. हे कुटुंब बहुतेक वेळा धनगराचे असते आणि त्या कुटुंबातले मूल आपल्या वर्गात बसलेले असते.

पेटीत काय असावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विचार जेवढा वस्तूंत उतरतो तेवढाच वर्गात टिकतो. पहिली वस्तू वीस किलो वाळूची पिशवी. माळावरच्या पूर्ण वाढलेल्या लांडग्याचे वजन साधारण एवढेच असते. चौथीतली दोन मुले मिळून ती उचलतात, मग एकजण एकट्याने उचलून पाहतो, आणि गोष्टींमधून मनात बसलेला अक्राळविक्राळ लांडगा तेथेच खऱ्या मापाला येतो. वर्गातल्या मुलांची वजने आरोग्य तपासणीच्या नोंदींत असतातच. लांडगा आपल्यातल्या एखाद्या लहान मुलाएवढा आहे, हे त्या आकड्यांतून मुलांना आपोआप कळते, आणि एवढ्या लहान जनावराला मेंढी ओढून नेता येते ती कशी, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

दुसरी वस्तू म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये घेतलेले ठसे: लांडगा, गावठी कुत्रा, कोल्हा, तरस आणि बिबट्या. बिबट्या नखे आत घेऊन चालतो, म्हणून त्याच्या ठशात ती उमटत नाहीत. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. एवढे मुले पाच मिनिटांत ओळखतात. कुत्रा आणि लांडगा यांत मात्र ती अडतात, आणि तेथे शिक्षकाने घाईने उत्तर सांगू नये, कारण एका ठशावरून ते खात्रीने सांगणे जाणकारालाही अवघड असते. एकदा मी ओढ्याच्या ओल्या वाळूतून घेतलेला एक ठसा लांडग्याचा म्हणून वर्गात मांडला. तिसरीतली एक मुलगी, जिचे वडील मेंढरे घेऊन फिरत, ती म्हणाली, "गुरुजी, एका पायावरनं नाय कळत. चाल बघावी लागती. कुत्रं नागमोडी जातं, लांडगा सरळ जातो." दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वजण त्या ओढ्यावर गेलो, ठशांच्या रांगेला सुतळी लावली, आणि ती रांग इतकी इकडेतिकडे भरकटलेली निघाली की ठसा कुत्र्याचा असावा हे मला मान्य करावे लागले. तेव्हापासून माझ्या सामानात सुतळीचे एक रीळ कायम असते. त्या मुलीने शिकवले ते असे की पुरावा एका खुणेत नसतो, खुणांच्या क्रमात असतो. विज्ञानाच्या पुस्तकातला एक मोठा धडा एवढ्याशा वाक्यात आला होता.

तिसरा भाग केसांचा. लांडग्याने काय खाल्ले हे अभ्यासक त्याच्या विष्ठेतील केसांवरून ठरवतात; प्रत्येक प्राण्याच्या केसाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी दिसते. खरी विष्ठा मात्र वर्गात आणू नये, कारण तीत माणसाला बाधणाऱ्या कृमींची अंडी असू शकतात. त्याऐवजी शेळीचे, मेंढीचे, गाईचे, कुत्र्याचे केस वेगवेगळ्या पुड्यांत द्यावेत आणि एका पुडीत दोन-तीन प्रकार मिसळून 'या लांडग्याने काल काय खाल्ले' असे विचारावे. सूक्ष्मदर्शक नसेल तर भिंगही चालते. रंग, जाडी, कुरळेपणा यांवरून मुले बरेच जुळवतात. दख्खनी मेंढीची काळी खरखरीत लोकर बहुतेक मुलांना डोळे मिटूनही ओळखता येते. येथे मेंढपाळाचे मूल वर्गातले सर्वांत जाणते मूल ठरते. एरवी दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा मेंढपाळ कुटुंबांचा तांडा, कोकणाकडे निघाला की महिनोन्‌महिने गैरहजर राहणारे, परत आल्यावर मागे पडलेले म्हणून मागच्या रांगेत बसणारे हे मूल त्या तासाला इतरांना शिकवते. या एका दृश्यासाठी जरी पेटी करावी लागली तरी ती करावी, असे मी म्हणेन.

नकाशाचा भाग मी थोडक्यात सांगतो. लांडग्यांच्या एका कुटुंबाला, म्हणजे बहुधा एक जोडी आणि तिची पिल्ले यांना, वावरायला शंभर चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र लागू शकते. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे. भागाकार मुलांनीच करावा. अभयारण्याच्या कुंपणात लांडगा का मावत नाही, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. तो वाचायचा असेल तर शेतात, गायरानात, रस्त्याकडेच्या माळातच वाचेल. हीच जमीन सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून आणि सरकारी नकाशांवर 'पडीक' म्हणून नोंदलेली असते. एकदा पडीक म्हटले की तेथे चर खोदून झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते, आणि पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचा माळ मोडला जातो. शाळेच्या वृक्षारोपणाच्या दिवशी मुलांना घेऊन आपण कोणत्या जमिनीवर खड्डे घेतो, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. मीही असे खड्डे घेतले आहेत, आणि त्याची खंत मला आजही आहे.

आता पेटीतली माझ्या मते सर्वांत आवश्यक वस्तू. ती म्हणजे पंचनाम्याचा कोरा नमुना. वन्यप्राण्याने पशुधन मारल्यास महाराष्ट्र शासन नुकसानभरपाई देते आणि त्या प्राण्यांच्या यादीत लांडगाही आहे. परंतु त्यासाठी ठरलेल्या मुदतीत वन खात्याला कळवावे लागते, मेलेले जनावर जागेवरून हलवता येत नाही, आणि पंचनामा व्हावा लागतो. वाटेवर असलेल्या मेंढपाळाला हे जमणे किती कठीण आहे, ते मुलांना नमुना भरतानाच उमगते. गाव कोणते लिहायचे, जेथे मेंढी मेली ते की घर असलेले? लांडग्याने मेंढी उचलूनच नेली असेल तर दाखवायचे काय? वाडा उद्या सकाळी पुढच्या गावाला निघणार असेल, तर पाहणीसाठी थांबायचे कोणी? मेंढीची किंमत मुलांनी घरी किंवा बाजारात विचारून लिहावी. तो आकडा वर्गात मोठ्याने वाचला की खोली शांत होते. नंतर एक गट मेंढपाळ होतो, एक गट वनरक्षक, आणि मारले कोणी, लांडग्याने की भटक्या कुत्र्यांनी, याचा निर्णय चाव्याच्या जागा, ठसे आणि ओढल्याच्या खुणा यांवरून लावतो. माळावरच्या कितीतरी मेंढ्या कुत्री फाडतात आणि नाव लांडग्याचे होते, उलटही घडते. निर्णय पुराव्याने करायचा असतो, हे ज्या मुलाला येथे कळले, ते पुढे गावकीतही ते वापरील.

आपल्या भाषेने लांडग्याविषयी मुलांना जे दिले आहे ते याच्या अगदी उलट आहे. 'लांडगेतोड' हा शब्द आपण माणसांच्या क्रूरपणासाठी वापरतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्रत्येक मुलाला येते. तीत मेंढरे मरतात, पण खोटे बोलू नये एवढे तात्पर्य काढून तास संपतो. मेलेल्या मेंढरांचे पुढे काय झाले, ती कोणाची होती, गावाने त्या पोराला काही मदत केली का, हे कोणी विचारत नाही. गोष्ट काढून टाकावी असे मी म्हणत नाही. ती सांगून झाल्यावर पेटी उघडावी आणि हे प्रश्न विचारावेत, एवढेच म्हणतो.

माझ्या म्हणण्यावर संवर्धनाचे काम करणाऱ्या स्नेह्यांचा आक्षेप असा असतो की लहान वयात आधी प्रेम निर्माण करावे, नुकसानीचा हिशेब नंतर कळेलच. मेंढी पहिल्याच तासाला आणली तर मुलांच्या मनात लांडगा शत्रू म्हणूनच ठसेल. त्यांची कळकळ मी जाणतो. भारतातील लांडग्यांचा वंश जगातील अतिप्राचीन लांडगावंशांपैकी एक आहे असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे, त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे, आणि पुणे जिल्ह्यात कुत्र्याशी झालेला संकर जनुकीय तपासणीत सिद्धही झाला आहे. काळ थोडा आहे हे खरे. तरीही हा आक्षेप शहरातल्या वर्गापुरता ठीक आहे, जेथे लांडगा ही केवळ कल्पना असते. ज्या मुलाच्या घरची मेंढी गेल्या महिन्यात गेली, त्याला प्रेमाचे पाठ देणारा शिक्षक एक तर अज्ञानी वाटतो किंवा परका, आणि पुढे त्याच शिक्षकाने सांगितलेले ठशांचे, केसांचे, नकाशाचे खरे ज्ञानही ते मूल बाजूला सारते. उलट लांडग्याने नेलेल्या मेंढराला 'त्याचा वाटा' म्हणणारे वृद्ध मेंढपाळ मी पाहिले आहेत. नुकसान त्यांच्याइतके कोणी मोजले नसेल, आणि तरी त्यांच्या बोलण्यात लांडग्याविषयी द्वेष नव्हता. हिशेब कळल्याने वैर वाढते, हे गृहीतकच मला तपासून घ्यावेसे वाटते. वैर वाढते ते हिशेब कोणी ऐकूनच घेत नाही तेव्हा. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेल्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा इतिहास येथे आठवावा. १९७९ मध्ये जाहीर झालेले ते अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते, जमिनींच्या व्यवहारांवर त्यामुळे निर्बंध आले, लोकांत असंतोष साचला, आणि पुढे त्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. लोकांचे म्हणणे आधी ऐकले असते तर त्या अभयारण्यातील नान्नजच्या माळढोकाचे आणि त्याच माळावरच्या लांडग्याचे काही वेगळे झाले असते की नाही, हे सांगता येणार नाही. पण न ऐकल्याने त्यांचे भले झाले नाही, एवढे दिसते.

भीतीचा प्रश्नही टाळता येणार नाही. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातील प्रतापगढ, जौनपूर, सुलतानपूर या भागांत लांडग्यांनी लहान मुले उचलल्याच्या घटना घडल्या, आणि २०२४ मध्ये बहराइचमध्ये तसेच झाले. या बातम्या मोबाईलवरून आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत आल्या आणि मुलांनी त्या पाहिल्या. अशा वेळी 'लांडगा माणसाला काही करत नाही' असे छापील वाक्य म्हणणारा शिक्षक मुलांचा विश्वास गमावतो. आपल्या माळावर अशा घटना विरळ आहेत, पिसाळलेल्या लांडग्याचा धोका मात्र खरा आहे, हे दोन्ही सांगावे. त्याबरोबर हेही शिकवावे की कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा, कोणीही चावले तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. पेटीत एक साबणाची वडी म्हणून असावी. ती पाहून मुले प्रथम बुचकळ्यात पडतात, पण जन्मभर विसरत नाहीत.

शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही हरकत मी मनापासून मान्य करतो, कारण तो मी उचलला आहे. शाळांना मिळालेल्या कितीतरी संचांचे पुढे काय होते तेही मला ठाऊक आहे: हरवले तर भरून द्यावे लागेल या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. म्हणून ही पेटी शाळेच्या मालकीची नसावी. ती आसपासच्या शाळांच्या केंद्रशाळेत असावी, त्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात त्या शिक्षण परिषदेच्या दिवशी एका शाळेकडून दुसरीकडे जावी, आणि तिच्यातल्या बहुतेक वस्तू हरवल्या तरी गावातच पुन्हा करता येतील अशा असाव्यात: वाळू, सुतळी, लोकर, प्लास्टर, कागद. वेळेचा आधारही आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद केली आहे. त्या दहांपैकी एक दिवस माळाला द्यायला कोणाची नवी परवानगी लागू नये.

एका गोष्टीकडे मात्र नियोजन करणाऱ्यांनी जूनमध्येच लक्ष द्यावे. आपल्याकडे प्रदर्शने आणि उपक्रम यांना बहर येतो तो डिसेंबर-जानेवारीत. त्या महिन्यांत लांडग्यांची पिल्ले माळावरच्या बिळांत असतात, आणि उत्साहाच्या भरात मुलांचा घोळका बिळापर्यंत गेला तर मादी पिल्ले हलवते किंवा गावाला बिळाचा पत्ता लागतो, दोन्ही वाईट. शिवाय तोवर वाडे घाट उतरून कोकणात गेलेले असतात, आणि ज्या मुलीने मला ठशांची रांग वाचायला शिकवले तिच्यासारखी मुले हजेरीपटावर असली तरी वर्गात नसतात. पेटी मृगापासून दिवाळीपर्यंतच्या महिन्यांत फिरली पाहिजे, ती मुले शाळेत असताना.